शंभर ग्रॅम कशाचे?

प्रश्न : शाळेत आम्ही मिठाची विद्राव्यता काढली. 20 ग्रॅम संपृक्त द्रावण (ज्यात आणखी मीठ विरघळत नाही असं) आटवल्यावर 5.3 ग्रॅम मीठ उरलं. त्यावरून 26.5 उत्तर आलं, पण पुस्तकात 36 आहे. बाकीचं मीठ गेलं कुठे? (इयत्ता नववी)

उत्तर : मीठ कुठेच गेलेलं नाही, फक्त भागाकार चुकला. विद्राव्यता, म्हणजे त्या तापमानाला जास्तीत जास्त किती पदार्थ विरघळतो, ती मोजतात 100 ग्रॅम पाण्यामागे, द्रावणामागे नव्हे. 20 मधून 5.3 वजा केले की पाणी उरतं 14.7 ग्रॅम. 5.3 ÷ 14.7 × 100 = 36. म्हणजे तुमचा प्रयोग झकास झाला आहे! 26.5 हा आकडाही खोटा नाही. ती त्या द्रावणाची वस्तुमानाने टक्केवारी आहे.

हाच प्रयोग बिघडतो तो बहुधा तीन जागी. गाळणकागद ओला असला तर द्रावण पातळ होतं आणि उत्तर कमी येतं. गाळताना मीठ धुवायला वरून पाणी घातलं तरी तेच. बाष्पनपात्रातलं पाणी संपत आलं की मीठ तडतडून बाहेर उडतं, तेव्हाही उत्तर घटतं. म्हणून शेवटी आच मंद ठेवून वर काच ठेवावी. याउलट मीठ दमट राहिलं तर उत्तर फुगतं. तापवा, गार करा, वजन करा. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की थांबा. तापमान मात्र गाळण्याआधीच लिहून ठेवायचं, ते बहुतेक जण विसरतात.

प्रश्न : सोऱ्याची (पोटॅशियम नायट्रेट) विद्राव्यता 60 अंश सेल्सिअसला 110 आणि 20 अंशांना 32 दिली आहे. 100 ग्रॅम संपृक्त द्रावण 60 वरून 20 अंशांवर आणलं तर 110 − 32 = 78 ग्रॅम स्फटिक मिळायला हवेत ना? क्लासमध्ये 37 सांगितलं.

उत्तर : 37 बरोबर. 78 ग्रॅम मिळतील ते 100 ग्रॅम पाण्यामागे, आणि तेवढं पाणी असतं 210 ग्रॅम द्रावणात. तुमच्या 100 ग्रॅम द्रावणात पाणी जेमतेम 47.6 ग्रॅम. त्याला 0.78 ने गुणा.

प्रत्यक्षात कधीकधी द्रावण 20 अंशांवर येऊनही एक स्फटिक दिसत नाही. ते अतिसंपृक्त झालेलं असतं, म्हणजे मावतो त्याहून जास्त सोरा त्यात विरघळलेलाच राहतो. काचकांडीने चंचुपात्राची आतली बाजू घासा किंवा सोऱ्याचा एक कण टाका, स्फटिक धरू लागतील. मोरचुदाला (कॉपर सल्फेट) मात्र हे सरळ गणित लावू नका. त्याच्या प्रत्येक एककासोबत पाण्याचे पाच रेणू स्फटिकात जातात, त्यामुळे द्रावक, म्हणजे विरघळवणारं पाणीच, कमी होतो.

मिठाच्या बाबतीत ही युक्ती फुकट आहे. 60 अंशांना 37, 20 अंशांना 36: थंड करून हाती काय लागणार? मिठागरात म्हणूनच उन्हाने पाणी आटवतात.

प्रश्न : 10 टक्के मिठाचं द्रावण करायला 100 ग्रॅम पाण्यात 10 ग्रॅम मीठ घातलं. चालेल?

उत्तर : नाही. द्रावण झालं 110 ग्रॅम, म्हणजे 9.1 टक्के. 10 ग्रॅम मीठ आणि 90 ग्रॅम पाणी घ्या.