पुडी सापडल्यानंतरचे तीन दिवस

प्रश्न : डॉक्टर, मी पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झालो. अमली पदार्थ जवळ बाळगणं हा गुन्हा असू नये, असं हल्ली वारंवार वाचतो. पोर्तुगालने तसं केलं म्हणून त्याचं कौतुक होतं. पण अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने असाच कायदा केला आणि साडेतीन वर्षांत मागे घेतला. आमचा अनुभव असा की, पुडीवाला पोरगा हाती लागला की त्याच्यामागून विकणारा हाती लागतो. ती कडीच काढली तर पोलिसांनी करायचं काय? आणि धाक गेला तर व्यसन वाढणार नाही का?

उत्तर : फौजदारसाहेब, ही दोन्ही नावं तुम्ही एकाच पत्रात घेतलीत ते बरं झालं. त्यांच्यातला फरक तुमच्याच कामात आहे. पुडी सापडली, मग पोलीस पुढे काय करतो? सगळं त्यावर ठरलं.

नव्वदच्या दशकात पोर्तुगालमध्ये हेरॉइनने घरंच्या घरं पोखरली होती. एक कोटीच्या देशात सुमारे एक लाख माणसं तिच्या आहारी गेलेली, आणि एकमेकांच्या सुया वापरल्यामुळे एचआयव्ही पसरत चाललेला. 1 जुलै 2001 पासून नवा कायदा लागू झाला. अनेकांना वाटतं तिथे सगळं मोकळं आहे. तसं मुळीच नाही. माल बेकायदाच आहे, पोलीस तो जप्त करतात, विकणाऱ्यावर खटला भरला जातो. पण दहा दिवसांच्या स्वतःच्या वापरापुरता माल सापडला (हेरॉइन एक ग्रॅम, कोकेन दोन ग्रॅम अशी मोजमापं ठरलेली आहेत) तर फौजदारी खटला होत नाही. पोलीस त्या माणसाला 72 तासांच्या आत एका आयोगापुढे हजर राहायला सांगतात. आयोगावर तीन जण: एक कायद्याचा जाणकार, बाकीचे दोघे वैद्यकीय, मानसशास्त्र किंवा समाजकार्य या क्षेत्रांतले. अधूनमधून ओढणाऱ्याला समज देऊन सोडतात. पूर्ण अडकलेल्याला उपचाराची वाट दाखवतात, आणि ती वाट खरोखर कुठेतरी पोहोचते, कारण उपचार केंद्रं आणि मेथाडोनची (हेरॉइनऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली देण्याच्या औषधाची) सोय आधीच उभी केलेली होती. दंड करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण उपचाराची सक्ती नाही. या धोरणाच्या शिल्पकारांपैकी एक, जुआंव गुलांव, स्वतः साधे फॅमिली डॉक्टर होते. त्यामुळेच बहुधा, या व्यवस्थेत मला दवाखान्याची समज दिसते.

आता ओरेगॉन. नोव्हेंबर 2020 मध्ये मतदारांनी कौल दिला, फेब्रुवारी 2021 मध्ये कायदा लागू झाला. पुडी सापडली तर 100 डॉलर दंडाची पावती. एका हेल्पलाइनवर फोन करून तपासणी करून घेतली की दंड माफ. फोन फारच थोड्यांनी केले. दंड भरला नाही तरी कोणी विचारत नव्हतं. तुम्ही खात्यात होतात, पाठपुरावा नसलेल्या पावतीचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. उपचारांसाठी ठेवलेला पैसा संस्थांपर्यंत इतका उशिरा पोहोचला की राज्याच्या लेखापरीक्षकांनी जानेवारी 2023 मध्ये त्यावर ताशेरे ओढले. नेमक्या त्याच काळात पश्चिम किनाऱ्यावर फेंटानिल आलं. हेरॉइनच्या कितीतरी पट तीव्र असलेलं हे रसायन मिठाच्या काही दाण्यांएवढं जरी जास्त गेलं तरी श्वास थांबतो. मृत्यू वाढले, रस्त्यावर उघड नशा दिसू लागली, लोक चिडले. 1 सप्टेंबर 2024 पासून तिथे माल बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. मृत्यू कायद्यामुळे वाढले की फेंटानिलमुळे, यावर अभ्यासकांचे निष्कर्ष वेगवेगळे आहेत. फेंटानिलच्या प्रसाराचा हिशेब धरून झालेल्या 2024 च्या एका अभ्यासात कायद्याचा संबंध आढळला नाही. मला तोच जास्त पटतो. पण लोकांचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. बेड्या काढल्या आणि त्यांच्या जागी काहीच ठेवलं नाही.

तुमच्या कडीबद्दल थोडं परखड बोलते. कारागृहाच्या दवाखान्यात मी काही वर्षं काम केलं आहे. गर्दची, म्हणजे हेरॉइनची, टर्की लागलेला (नशा न मिळाल्याने तळमळणारा) माणूस मी जवळून पाहिला आहे. नाका-डोळ्यांतून पाणी, पोटात पीळ, हाडं मोडल्यासारखी दुखतात, रात्रभर झोप नाही. त्या अवस्थेत तो कुणाचंही नाव सांगेल. मित्राचं, शेजाऱ्याचं, ज्याच्याशी भांडण आहे त्याचं. त्यातून एखादा विकणारा सापडतही असेल. पण बहुतेकदा सापडतो तो स्वतःच्या पुडीपुरते पैसे सुटावेत म्हणून चार पुड्या विकणारा दुसरा व्यसनी, आणि त्याची जागा लगेच भरते. एकेका पुडीमागे पंचनामा, मुद्देमाल, रासायनिक तपासणी, कोर्टाच्या तारखा. हे मनुष्यबळ वरच्या साखळीमागे लावता आलं असतं. 1999 मध्ये पोर्तुगालच्या तुरुंगांतले सुमारे 44 टक्के कैदी अमली पदार्थांच्या गुन्ह्यांतले होते. 2013 पर्यंत हे प्रमाण 24 टक्क्यांच्या आसपास आलं.

धाकाचं म्हणाल, तर धाकाने माणूस नशा सोडत नाही, दवाखाना सोडतो. नवी, स्वच्छ सुई मागायला येत नाही. सोबतचा नशा जास्त होऊन निळा पडला तरी पोलीस येतील म्हणून रुग्णवाहिका बोलवत नाही, पळून जातो. पोर्तुगालमध्ये नव्या कायद्यानंतर वापराचा स्फोट झाला नाही. नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांत 2001 साली एचआयव्हीचे हजाराहून जास्त नवे रुग्ण सापडले होते. पुढच्या दशकात ही संख्या शंभराच्या खाली गेली. याचं श्रेय एकट्या कायद्याला देऊ नका. औषधाच्या दुकानांतून वापरलेल्या सुया घेऊन नव्या देण्याची योजना 1993 पासूनच सुरू होती. उलटही खरं: आर्थिक संकटानंतर, 2012 मध्ये, तिथली व्यसनांचं काम पाहणारी मध्यवर्ती यंत्रणा विखुरली आणि पैसा आटला, तेव्हा उपचारांचं काम ढिलं पडलं. कायदा मात्र तोच होता.

प्रश्न : ताई, माझा मुलगा गर्दच्या केसमध्ये आत होता, आता सुटून येतोय. आत नशा पूर्ण बंद होती म्हणतो. त्याला आता जुन्या गोष्टींची आठवण देऊ नये, असं घरचे म्हणतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : नाही, ताई. कृपा करून बोला त्याच्याशी, आणि तो घरी यायच्या आधीच बोला. आत असताना शरीराची सवय मोडते, पण मनाची ओढ जात नाही. बाहेर आल्यावर तो जुन्याच मापाने घेतो आणि ते माप आता त्याच्या शरीराला झेपत नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका सर्वसामान्य माणसाच्या 129 पट निघाला. असे तरुण मी गमावले आहेत, आणि त्यांच्या आया मला विचारायच्या, तो तर सुधारून आला होता ना?

ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही गर्दची ओढ आवरणारी औषधं सुटकेच्या आधीच सुरू करता येईल का, हे कारागृहाच्या डॉक्टरांना विचारा; नाहीतर सुटल्याच्या दिवशीच व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे न्या. त्याला एकटं झोपू देऊ नका. हलवूनही उठत नसेल, घशातून घरघर येत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर रुग्णवाहिका बोलवा, काय घेतलं ते न लपवता सांगा, श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा. नॅलोक्सोन, म्हणजे गर्दचा असर तात्पुरता उलटवणारं औषध, मिळत असेल तर घरात ठेवा आणि द्यायचं कसं ते आधीच शिकून घ्या. ते दिल्यावर तो उठून बसला तरी दवाखान्यात न्याच. नॅलोक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो, आणि गर्द अजून अंगात असेल तर श्वास पुन्हा मंदावू शकतो.