पत्रिकेतली किलबिल आणि मांडवातली मुले

प्रश्न : येत्या वैशाखात आमच्या मुलीचे लग्न आहे. दुपारी अक्षता कार्यालयात आणि सायंकाळी स्वागत समारंभ एका हॉटेलच्या सभागृहात, असे ठरले आहे. सभागृहात दीडशेच माणसे मावतात आणि ताटाचा दरही भारी आहे, म्हणून सायंकाळी लहान मुले नकोत असे मुलीचे म्हणणे. माझ्या सासरची गडहिंग्लजकडची मंडळी मात्र चूलबंद आवतणाची अपेक्षा धरून आहेत. ‘लहान मुलांना आणू नये’ असे पत्रिकेत छापावे काय?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : छापू नये, आणि त्याचे कारण आपल्या पत्रिकेतच सापडेल. आपल्याकडील पत्रिकेत निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक अशा मानकऱ्यांच्या याद्या संपल्या की तळाशी ‘किलबिल’ हा मथळा येतो आणि त्याखाली घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांची नावे घालून ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ हे वाक्य त्यांच्या तोंडी दिलेले असते. जी मुले आमंत्रण देतात त्यांच्याच वयाच्या मुलांना त्याच कागदावर मज्जाव करणे विपरीत दिसते. ‘कृपया आहेर आणू नयेत’ या ओळीखाली ‘कृपया मुले आणू नयेत’ असे वाचणाऱ्या एखाद्या आजोबांचा चेहरा क्षणभर डोळ्यांपुढे आणून पाहा.

माणसे मोजून बोलावण्यात मात्र कमीपणा काहीच नाही, आणि त्यासाठी आपल्याकडे जुने शब्दही आहेत. ज्या घरी त्या दिवशी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी मांडवातच जेवायचे, ते चूलबंद आवतण. ज्या घरातून एकानेच यायचे ते घरटी एक. खेड्यात ही दोन्ही आवतणे एकाच लग्नासाठी, एकाच गल्लीत दिली जातात, आणि आवतण सांगणारा उंबऱ्यातच काय ते स्पष्ट सांगतो; त्यामुळे कोणी रुसत नाही, निदान त्या कारणावरून तरी नाही. घोटाळा होतो तो आपण शहरात सगळ्यांना छापील ‘सहकुटुंब सहपरिवार’ धाडतो आणि मनात मात्र ‘दोघांनीच यावे’ असे धरून बसतो म्हणून.

तेव्हा दुपारच्या अक्षतांचे आवतण सर्वांना चूलबंद द्यावे. सायंकाळसाठी वेगळे लहान कार्ड काढून पाकिटावर केवळ ‘श्री. व सौ.’ लिहावे आणि त्यावर न थांबता प्रत्येक घरी फोन करावा. शब्द साधे असावेत : ‘दुपारी मुलाबाळांसह सगळ्यांनी यायचंच आहे, संध्याकाळी सभागृह लहान असल्यामुळे तुम्हा दोघांनाच बोलावतो आहोत, गैरसमज नसावा.’ अडचण जागेची सांगावी. मुले दंगा करतात, हे कारण खरे असले तरी फोनवर सांगण्याजोगे नाही, कारण प्रत्येक आईच्या मते दंगा करणारी मुले दुसऱ्यांची असतात.

नियम केला की तो दोन्ही पक्षांना सारखाच लागू असावा, आणि त्याची बोलणी व्याह्यांशी आधीच व्हावीत. वरपक्षाची भाचरे सभागृहात बागडत आहेत आणि वधूच्या चुलत भावाची मुले मात्र घरी ठेवावी लागली आहेत, असे चित्र दिसले तर त्याचा उद्धार पुढील प्रत्येक बारशाला होईल. अपवाद दोनच ठेवावेत. किलबिलमध्ये ज्यांची नावे आहेत ती मुले यजमानांपैकीच असल्याने येणारच. आणि अंगावर पिणारे बाळ कोणत्याही मोजणीत धरू नये.

गडहिंग्लजकरांचा प्रश्न मात्र याहून अवघड आहे आणि तो फोनने सुटणार नाही. साठ-सत्तर किलोमीटरवरून दुपारी मुलांसह आलेले कुटुंब सायंकाळी त्या मुलांना कोठे ठेवणार? अशा पाहुण्यांसाठी कार्यालयातील दोन खोल्या रात्रीपर्यंत आपल्या ताब्यात राहतील असे आधी ठरवून घ्यावे, तेथे घरातील एखादी जाणती मावशी किंवा आत्या बसवावी आणि मुलांच्या रात्रीच्या जेवणाची सोय वेगळी करावी. मुलांना दुपारचाच मसालेभात, पुरी आणि जिलेबी पुन्हा मिळाली तरी त्यांची तक्रार नसते. एवढे करणे शक्य नसेल तर त्या घरांपुरती सायंकाळची संख्या वाढवावी आणि हॉटेलवाल्याशी लहान मुलांच्या ताटाचा दर आत्ताच बोलून घ्यावा. दुरून आलेल्या माणसाला दारात अडवून वाचवलेल्या पैशाचा हिशेब कधी जुळत नाही.

प्रश्न : चुलतदिराच्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना माझी दीड वर्षाची मुलगी मोठ्याने रडू लागली. शेजारच्या एका वयस्कर बाई सर्वांसमक्ष म्हणाल्या, ‘अगोदर तिला बाहेर ने.’ मला फार अपमान वाटला. माझे काय चुकले?
— एक आई, कसबा बावडा

उत्तर : त्यांनी ते कानात सांगितले असते तर बरे झाले असते. पण ताई, त्यांनी सांगण्याआधीच आपण उठायला हवे होते, हेही तितकेच खरे आहे. सबंध लग्नात अंतरपाट दूर होईपर्यंतची ती काही मिनिटेच अशी असतात की जी वधूवरांच्या आईवडिलांना नीट ऐकायची असतात, आणि हल्ली चित्रीकरणात तेवढा भाग कायमचा राहतो. लहान मूल बरोबर असेल तर पुढच्या सोफ्यांचा मोह टाळून बाजूच्या दारालगतची खुर्ची धरावी. मूल रडेलच असे नाही. पण अक्षता पडताक्षणी वाजंत्री आणि ताशा एकदम सुरू होतात, तेव्हा न रडणारे मूलही दचकते. तांदळाचे दाणे मुले नाकाकानांत घालतात, म्हणून त्यांच्या हाती अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या द्याव्यात.

वरातीविषयी थोडे अधिक कठोर लिहिणे भाग आहे. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत घातलेली आहे, आणि आपल्या पेठांतून डॉल्बी लावून निघणाऱ्या वराती ती किती पाळतात हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. त्या भिंतीसारख्या स्पीकरपुढे तान्हे मूल खांद्यावर घेऊन नाचणारे काका मी पाहिले आहेत. अशा वेळी कोणी कितीही आग्रह केला तरी मूल घेऊन सरळ घरी जावे. त्यात कोणाचाही मान मोडत नाही. महामार्गालगतच्या लॉनवर लग्न असेल तर मुलांवर नजर ठेवण्याचे काम ‘सगळ्यांवर’ न सोपवता एका नावाच्या माणसावर सोपवावे, कारण वाहनतळ आणि जिलेबीची कढई या दोन्ही ठिकाणी मुले हमखास पोहोचतात.

प्रश्न : माझ्या भावाच्या लग्नात करवली म्हणून माझी सात वर्षांची मुलगी उभी राहावी, अशी माझी इच्छा आहे. धाकट्या बहिणीलाही आपली मुलगी उभी करायची आहे. दोघींची आत्तापासूनच रडारड चालू आहे. शिवाय वधूचा नऊ वर्षांचा भाऊ कानपिळीला मोबाइल मागणार असल्याचे कानावर आले आहे.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : करा हाती घेऊन मागे उभी राहते ती करवली, आणि कऱ्याबरोबर दिवाही लागतोच. एकीच्या हाती करा द्यावा आणि दुसरीच्या हाती दिवा द्यावा. दिव्याची ज्योत केसांजवळ आणि परकराजवळ येते, म्हणून तो दोघींपैकी मोठ्या मुलीकडे द्यावा आणि तिच्यामागे एक बाई उभी ठेवावी. कोणाकडे काय, हे त्यांच्यासमोर चिठ्ठी टाकून ठरवू नये. मोठी कोण, हे त्यांना ठाऊक असतेच. मंगलाष्टकांच्या वेळी ऐनवेळी एखादी उभी राहायला नाही म्हणाली तर तिला ओढून उभे करू नये, दुसरीला दोन्ही हातांत दोन्ही धरण्याचा हट्टही करू देऊ नये. एखाद्या मावशीने ते हाती घ्यावे.

कानपिळीत नवरदेवाचा कान पिळून मेहुण्याने मान घ्यायचा असतो, वसुली करायची नसते. मागणी मुलाच्या तोंडून येत असली तरी ती त्याला कोणी तरी मोठ्याने शिकवलेली असते, तेव्हा त्याच्या वडिलांशी लग्नाच्या चार दिवस आधी हसत हसत बोलून घ्यावे. पोशाख किंवा घड्याळ पुरेसे आहे. ते त्याच्या मापाचे आणि आवडीचे असेल, एवढे मात्र पाहावे.