वाचक विचारतात : रूटबर्नची वाट

प्रश्न : आम्ही पती-पत्नी पंचावन्नच्या पुढचे असून सह्याद्रीतल्या भटकंतीची आम्हाला सवय आहे. येत्या जानेवारीत न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जाणार आहोत. ग्लेनॉर्की आणि ते आनाऊ या तळ्याकाठच्या दोन गावांत मुक्काम ठेवून मधली रूटबर्नची वाट पायी पार करावी, असा बेत आहे. ही वाट आम्हाला झेपेल का, किती दिवस ठेवावेत आणि कोणत्या बाजूने निघावे?

उत्तर : वाट सुमारे ३२ किलोमीटरची आहे आणि नियमित चालणाऱ्यांना ती झेपण्यासारखी आहे. जानेवारी हा तिथला उन्हाळा असल्याने महिनाही योग्यच निवडला आहे. दोन मुक्काम करावेत : पहिला रूटबर्न फॉल्स हटवर (हट म्हणजे वाटेवरचे मुक्कामाचे घर) आणि दुसरा मॅकेन्झी तळ्याच्या काठावरील हटवर. या तळ्यापुढे हाउडन तळ्याकाठी आणखी एक हट होती, परंतु फेब्रुवारी २०२० मधील अतिवृष्टीत दरड कोसळून ती नष्ट झाली. त्यामुळे जुन्या माहितीपत्रकांतील तिसऱ्या मुक्कामाचा हिशेब धरू नये. तिसऱ्या दिवशी मॅकेन्झीपासून 'द डिव्हाइड' या रस्त्यावरील टोकापर्यंत सुमारे १२ किलोमीटर एका दमात उरकावे लागतात.

आमच्या मते ग्लेनॉर्कीच्या बाजूने निघणे सोयीचे. पहिल्या दिवशी बीच वृक्षांच्या दाट रानातून नदीकाठाने जाताना चढ हळूहळू अंगावर येतो. शेवटचा टप्पा तेवढा दमवणारा आहे. खरी कसोटी लागते ती दुसऱ्या दिवशी. हॅरिस तळ्याच्या वरच्या अंगाने १२५५ मीटर उंचीची हॅरिस खिंड ओलांडली की वाट हॉलीफर्ड खोऱ्याच्या उघड्या उतारावरून बराच वेळ आडवी जाते. तिथे झाडाचा आडोसा नाही, त्यामुळे वारा आणि पाऊस दोन्ही थेट अंगावर येतात. भर उन्हाळ्यातही या उंचीवर हिमवृष्टी होऊ शकते. पुढे खाली मॅकेन्झी तळ्याचे हिरवट पाणी आणि काठावरचे छप्पर दिसू लागते आणि आता पोहोचलोच असे वाटते, पण वळणावळणांचा तो उतार बराच वेळ खातो आणि गुडघ्यांची परीक्षाही तिथेच होते. चालण्याच्या काठ्या त्यासाठी तरी घ्याव्यातच. खिंडीत आणीबाणीचा निवारा आहे, पण तो मुक्कामासाठी नव्हे.

सुती कपडे मुळीच नेऊ नयेत, कारण ते एकदा भिजले की वाळत नाहीत. लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे थर आणि चांगला रेनकोट हवा. हंगामात हटवर गाद्या आणि गॅसच्या शेगड्या मिळतात. स्लीपिंग बॅग, भांडी आणि शिधा मात्र आपलाच न्यावा लागतो. रात्री बूट बाहेर ठेवू नयेत : किया नावाचा तिथला डोंगरी पोपट चोचीने लेस उपसतो, अस्तर फाडतो, आणि त्याला यात कमालीचा रस असतो. आणखी एक गोष्ट बुटांचीच. न्यूझीलंडमध्ये उतरताना वापरलेले ट्रेकिंगचे बूट जाहीर करावे लागतात. तळव्यांतली माती घरूनच खरवडून, धुऊन, वाळवून नेली तर तपासणीत वेळ जात नाही.

आरक्षणाला उशीर करू नये. हंगामातील जागा संवर्धन खात्याकडून (तिथे त्याला डॉक म्हणतात) ठरावीक तारखांसाठीच दिल्या जातात आणि त्या झपाट्याने भरतात. परदेशी पाहुण्यांना दरही अधिक पडतो. सर्वांत फसवे आहे ते वाहतुकीचे गणित. पायवाटेची दोन टोके डोंगरामुळे जवळ भासली, तरी रस्त्याने त्यांच्यात तीनशेहून अधिक किलोमीटर अंतर आहे. भाड्याची गाडी सुरुवातीच्या टोकाला लावून निघालात, तर ती परत मिळवण्यात अख्खा दिवस जाईल. जाताना आणि येताना दोन्ही बाजूंना बसची जागा आधी ठरवावी आणि परतीची बस सुटण्याची वेळ पाहूनच मॅकेन्झीहून किती वाजता निघायचे ते पक्के करावे.