बाहेर नेलं आणि पुन्हा आजारी पडला तर?

डिसेंबरात नाशिकला गारठा वाढला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. थंडीत लहान मुलाला बाहेर खेळायला न्यावं का? उत्तर एका शब्दाचं आहे, पण त्या एका शब्दानं आजवर कुठल्याच आईचं समाधान झालेलं नाही.

मेघना (नाव बदललंय, तपशीलही थोडे) आली तेव्हा तक्रार वेगळीच होती. साडेतीन वर्षांचा ईशान हट्टी झालाय, रात्री अकराशिवाय झोपत नाही, मोबाइल काढून घेतला की डोकं आपटतो. सोबत सासूबाई होत्या. मध्ये ईशान: बनियन, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, हातविणीचा स्वेटर, वर जाकीट, शिवाय कानटोपी. सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि मी पंखा लावावा का या विचारात होते. खेळता खेळता त्याच्या मानेमागून आत हात घातला. पाठ घामानं चिंब.

"हा बाहेर कधी खेळतो?"

"आता नाही हो मॅडम. एकदम होळी झाली की."

म्हणजे दिवाळी ते होळी, चार महिने घरात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी. ईशानची सोफ्यावरून टीव्हीपर्यंत होत होती. मग रात्री झोप कशी येणार?

मूळ मागे होतं. तो आठ महिन्यांचा असताना जानेवारीत मेघना त्याला माहेरी बोरनहाणाला घेऊन गेली होती. चार-पाच दिवसांनी पोर धापा टाकायला लागलं. ब्राँकियोलायटिस (छातीतल्या बारीक श्वासनळ्यांना सूज), दवाखाना, नाकाला ऑक्सिजन. तिथल्या जिन्यात कुणीतरी नातेवाईक म्हणालं, "एवढ्या थंडीत पोराला न्यायचं असतं का?" तो बरा झाला, पण ते वाक्य तिच्या मनातून गेलं नाही.

मी त्यांना आधी त्यांच्या बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. दम्याची प्रवृत्ती आहे का हे ठरवणं माझं काम नाही, आणि ती असेल तर कोरडी थंड हवा खरंच त्रास देते. डॉक्टरांनी छाती स्वच्छ असल्याचं सांगितलं. हेही सांगितलं की तो आजार विषाणूचा होता. गारठ्यानं नव्हे, बहुधा त्या घरात बाळाचे पापे घेणाऱ्या गर्दीतल्या कुणाकडून तरी आलेला. थंडीत दारं-खिडक्या लावून सगळे एका खोलीत बसतात, तिथे विषाणूंचं फावतं.

पटलं. तरी ईशान घरातच.

मग मी मेघनाला एकटीला बोलावलं. "समजा, पुन्हा आजारी पडला. सगळ्यात वाईट काय होईल?" दवाखाना म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "सगळे माझ्याकडे बघतील."

सासूबाईंशीही वेगळं बोलले. माहेर निफाडकडचं. तिथला पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली जातो, द्राक्षं वाचवायला बागेत रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात. लहानपणी थंडीत काय करायचात, विचारलं तर वीस मिनिटं थांबल्याच नाहीत. दवात अनवाणी पळणं, बोरीखाली झिम्मड, आगटीतला हुरडा. "आई अडवायची नाही?" "तिला वेळ कुठला!" हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ छातीनं गेला. तीन वर्षांचा होता." मेघनाला हे माहीत नव्हतं.

पुढच्या बैठकीत ईशानच्या बाबांनाही बोलावलं. ते म्हणाले, "मी तर हिला कधीच काही बोललो नाही." तेच तर! चांगलंही बोलले नव्हते. तिघांनी एक ठरवलं. मूल शिंकलं तर कुणी कुणाला बोल लावायचा नाही.

सुरुवात गच्चीवर, सकाळी साडेनऊला, पंधरा मिनिटं. त्याआधी नको, कारण थंडीत पहाटेचा धूर आणि धूळ खालीच साचून राहते. कपडे दोन थर. हात गार लागले तरी घाबरायचं नाही, मानेमागे हात लावून बघायचं: ऊबदार असेल तर ठीक, ओलं असेल तर एक थर काढायचा. ताप असेल, श्वास जोरात चालत असेल किंवा बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर गच्ची नाही, थेट डॉक्टर.

तिसऱ्या आठवड्यात ईशानला सर्दी झालीच. मेघनाचा फोन आला. आवाज कापरा, पण रडत नव्हती. ताप नव्हता, खेळत होता. "आणि सासूबाई?" "ओव्याची पुरचुंडी शेकताहेत. म्हणाल्या, नाक वाहतंय, पाय नाही वाहत." हे वाक्य मी तेव्हापासून इतर आयांना बिनदिक्कत ऐकवते.

जानेवारीत ते निफाडला हुरड्याला गेले. जाण्याआधी मेघनानं विचारून घेतलं होतं: शेकोटीच्या धुरात बसवायचं नाही, वारा पाठीशी घ्यायचा, बोराची बी काढूनच द्यायची, आणि हुरडा त्यानं पळता पळता नाही, बसून चावून खायचा. संध्याकाळी फोटो आला. ईशानचे पाय काळ्या मातीनं माखलेले, गालाला राख. कानटोपी सासूबाईंनी घातली होती.