'का' विचारलं म्हणजे झालं असं नाही
ताई, शिक्षणतज्ज्ञ ब्लूमची १९५६ ची उतरंड, म्हणजे नुसत्या आठवणीपासून अवघड विचारापर्यंतच्या पायऱ्या, डी.एड.ला पाठ केलीच असेल. २००१ च्या सुधारणेत 'निर्मिती' सर्वांत वर गेली, तेही. पण रावेरच्या वर्गात पोरांच्या ओळखीच्या केळीपासून, तापीपासून सुरुवात करा. 'तापी कोणत्या समुद्राला मिळते?' हा आठवणीचा प्रश्न हवाच. माहितीच नसेल तर पोरं विचार कशाचा करणार?

मग विचारा, 'घड कापणीला आला आणि भाव पडला, तर बाबांनी काय करावं?' आणि गप्प बसा. हेच अवघड, मी कितीतरी वर्षं स्वतःच उत्तर देऊन टाकायचो. कुणी घरच्या बोलीत बोललं तर बोलू द्या, प्रमाण मराठी नंतर. आणि गाईडमधलं कारण घडाघडा म्हटलं, तर तो 'का'सुद्धा आठवणीचाच प्रश्न बरं का.