लॅपटॉपचंच वायफाय का तुटतं?

प्रश्न : विंडोज ११ असलेल्या माझ्या लॅपटॉपचं वायफाय दर दहा-पंधरा मिनिटांनी तुटतं. वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं की लगेच जोडलं जातं. मोबाईल मात्र त्याच राउटरवर नीट चालतो. राउटर बदलावा का? – एक वाचक, सांगली

उत्तर : इतक्यात नको. आधी मोबाईलचा डेटा बंद ठेवून तासभर वापरून बघा. वायफायवरचं इंटरनेट गेलं की बरेच मोबाईल गुपचूप सिमच्या डेटावर जातात आणि आपल्याला वाटतं, मोबाईलला काही झालंच नाही.

मग लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या (आज्ञा टाइप करून देतो ती खिडकी) दोन खिडक्या उघडा. दोन्हींत पिंग (समोरचा पत्ता उत्तर देतो का, हे तपासणारी आज्ञा) लावायचं, शेवटी ‘-टी’ जोडून, म्हणजे ते थांबत नाही. एकीत राउटरचा पत्ता द्या (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), दुसरीत ८.८.८.८ (हा इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर). दोन्हींकडून उत्तर येणं एकदमच थांबलं, तर लॅपटॉप आणि राउटर यांच्यातला दुवा तुटतोय. राउटर उत्तर देतोय पण ८.८.८.८ देत नाही, तर दोष बाहेरच्या लाइनचा. लॅपटॉपला हात लावू नका, इंटरनेट कंपनीकडे तक्रार नोंदवा.

तुम्ही सांगता त्यावरून पहिली शक्यता जास्त वाटते, आणि तिथे माझा पहिला संशय वीजबचतीवर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली वायफाय कार्डावर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. पॉवर मॅनेजमेंटमध्ये, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण असते, ती काढा. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅब दिसतच नाही. त्यात तुमची चूक नाही. चार्जर लावल्यावर वायफाय टिकतं आणि बॅटरीवर तुटतं, असं असेल तर संशय आणखी पक्का.

त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर शेजारच्याच ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टॅबमधून रोल बॅक करा, म्हणजे आधीची आवृत्ती परत येईल. ते बटण फिकं असेल, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून मिळणारी फुकट सॉफ्टवेअर कृपया टाळा.

वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर असाल तर आणखी एक गोष्ट बघा : लॅपटॉपला यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली आहे का? तिच्या केबलमधून निघणारा गोंगाट नेमका याच पट्ट्यात पडतो. ती काढून बघा किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा.

विंडोजमधलं नेटवर्क रीसेट सगळ्यात शेवटी, कारण त्यात साठवलेले वायफाय पासवर्ड पुसले जातात. राउटरचं मागचं छोटं रीसेट बटण तर दाबूच नका. फायबर जोडणीचं युजरनेम-पासवर्ड त्यात भरलेलं असेल, तर ते पुसलं जाईल आणि घरातलं सगळंच इंटरनेट बंद पडेल.