मसीहा, ख्रिस्त आणि तेलाचा हात

एका वाचकभगिनीने विचारलं आहे: "बातम्यांत 'शेतकऱ्यांचा मसीहा' असं वाचते. मसीहा म्हणजे तारणारा ना? मग 'येशू ख्रिस्त' यातला ख्रिस्त आणि हा मसीहा एकच का? ज्यू लोक आपल्या राजाला देव मानायचे, त्यावरून हा शब्द आला असं कुणी म्हणालं. मी एका लेखाचं भाषांतर करते आहे, तिथे 'अभिषिक्त' लिहिलं तर चालेल का?"

शब्द एकच आहे. पण 'तारणारा' हा त्याचा मूळ अर्थ नाही, आणि ज्यूंचा राजा देव होता हे तर त्याहून नाही. मला हा शब्द फार जवळचा आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

हिब्रू धातू म-श-ह, यातला शेवटचा ह घशातून खरवडून काढायचा. अर्थ चोपडणे, माखणे. मूळचं हे अगदी घरगुती क्रियापद. बायबलमधल्या निर्गम या ग्रंथाच्या 29व्या अध्यायात याजकांच्या दीक्षाविधीचं साहित्य सांगितलं आहे. त्यात बेखमीर (खमीर न घातलेल्या) पातळ पापड्या आहेत, वरून तेल चोपडलेल्या. तिथे 'चोपडलेल्या' याला जो शब्द आहे तो याच धातूचा, 'मशुहीम'. यिर्मयाच्या ग्रंथात एक राजा आपल्या महालाला हिंगूळ फासतो, तिथेही हाच धातू. ढालींना तेल लावायचं, तेही याच क्रियापदाने. आणि ज्याच्या डोक्याला तेल लावून त्याला राजा किंवा मुख्य याजक केलं, तो 'माशिआख'. म्हणजे शब्दशः, तेल लावलेला.

शमुवेल संदेष्ट्याने तेलाची कुपी इस्राएलच्या पहिल्या राजाच्या, शौलाच्या डोक्यावर ओतली. त्याच्यानंतरच्या राजासाठी, दाविदासाठी शिंग भरून तेल नेलं. दाविदाचा मुलगा शलमोन याला सादोक याजकाने गीहोनच्या झऱ्याकाठी तेल लावलं आणि लोकांनी शिंग फुंकून 'राजा चिरायू होवो' म्हणत जल्लोष केला. यापुढे राजाचं नावही घ्यावं लागत नाही, 'यहोवाचा (म्हणजे इस्राएलच्या देवाचा) माशिआख' म्हटलं की राजा.

या तेलाचं वजन कळायचं असेल तर एन-गेदीच्या गुहेतला प्रसंग वाचावा. शौल तीन हजार माणसं घेऊन दाविदाच्या जिवावर उठला आहे. वाटेत तो एका गुहेत शौचाला जातो, एकटाच. त्याच गुहेच्या आतल्या अंधारात दाविद आणि त्याची माणसं दडून बसलेली. माणसं म्हणतात, हीच वेळ. दाविद दबकत पुढे जातो आणि शौलाच्या झग्याचा फक्त काठ कापून घेतो. तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खातं. यहोवाने ज्याला तेल लावलं त्याच्यावर मी हात टाकणार नाही, असं तो सांगतो. ज्यूंच्या राजाचं पावित्र्य कसलं होतं, ते या एका प्रसंगात पुरतं दिसतं. शौल चुकलेला आहे, मत्सराने पछाडलेला आहे, देहधर्म कुणाला चुकत नाही तसा त्यालाही चुकलेला नाही. तरी त्याला हात लावायचा नाही, कारण डोक्यावरचं तेल त्याचं स्वतःचं नाही.

तेव्हा राजा देव होता का? इजिप्तमध्ये फारो हा होरसचं रूप आणि 'रा' देवाचा पुत्र. इस्राएलच्या ग्रंथांत मात्र मुळात राजा असावा का यावरच भांडण आहे. गिदोन या लढवय्या पुढाऱ्याला लोक राजा हो म्हणतात तेव्हा तो म्हणतो, तुमच्यावर यहोवाच राज्य करील. (त्याच गिदोनाच्या एका मुलाचं नाव अबीमेलेख, म्हणजे 'माझा बाप राजा आहे', आणि पुढे तोच भावांची कत्तल करून राजा होतो. त्या नावापाशी मी दर वेळी थबकते.) शमुवेलाकडे लोक राजा मागतात तेव्हा यहोवा त्याला सांगतो, त्यांनी तुला नाही, मला राजपदावरून नाकारलं आहे. म्हणजे खरा राजा देव, आणि सिंहासनावर बसणारा माणूस त्याच्या वतीने बसलेला. 'पहिला इतिहास' या ग्रंथात तर शलमोन 'यहोवाच्या सिंहासनावर' बसला असंच म्हटलं आहे.

मग 'देवाचा पुत्र' हे कुठून आलं? तेही राजाचंच बिरुद. बायबलच्या दुसऱ्या स्तोत्रात यहोवा राजाला म्हणतो, तू माझा पुत्र आहेस, आज मी तुला जन्म दिला. त्यातला 'आज' महत्त्वाचा. राज्यावर बसण्याच्या दिवशी पुत्र व्हायचं, जणू दत्तक. 45व्या स्तोत्रात राजालाच 'देवा' अशी हाक मारल्यासारखी ओळ आहे आणि तिच्या अर्थावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण ती एकटी ओळ घेऊन सगळा धर्म तसा होता म्हणणं बरोबर नाही. शिवाय यशयाच्या 45व्या अध्यायात 'माशिआख' कुणाला म्हटलं आहे? इराणच्या कोरेशला, म्हणजे सायरसला, ज्याने इ.स.पू. 539मध्ये बाबिलोन घेतलं. तो ज्यूही नव्हता.

आता 'अभिषिक्त'. यात सिच् धातू आहे, शिंपणे. रायगडावर 6 जून 1674 रोजी झाला तो राज्याभिषेक पवित्र नद्यांच्या जलाचा. माशिआखला जल नाही, तेल आहे. तेल चोपडण्याला आपल्याकडे अञ्ज् धातू आहे, ज्यावरून अंजन आणि दिवाळीतला अभ्यंग. त्या हिशेबाने माशिआखचा तंतोतंत प्रतिशब्द 'अभ्यक्त' व्हायला हवा. पण राजपदाची आठवण 'अभिषिक्त' या शब्दानेच येते, 'अभ्यक्त' ऐकून कुणालाही न्हाणीघर आठवेल. आणि शौलाच्या डोक्यावर तेल ओतलंच होतं, तेव्हा 'अभिषेक' कृतीलाही धरून आहे. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी हे छान सांभाळलं आहे: राजाला तेल लावतात तिथे अभिषेक, आणि 23व्या स्तोत्रात यजमान पाहुण्याच्या डोक्याला तेल लावतो तिथे 'तेलाचा अभ्यंग'. मूळ हिब्रूतही त्या स्तोत्रात म-श-ह नाही, दुसरं क्रियापद आहे. ('माखणे' आणि 'माशिआख' कानाला सारखे लागतात, पण नातं काही नाही.)

इ.स.पू. 587-86च्या सुमारास यरुशलेम पडलं आणि दाविदाच्या घराण्याचं राज्य संपलं. गादी गेली, शब्द राहिला, आणि तो भविष्यकाळात गेला: कधीतरी येणारा तो राजा. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुंडाळ्यांत तर दोन माशिआखांची वाट पाहिलेली आहे, एक अहरोनाच्या याजककुळातला आणि एक इस्राएलचा. इ.स. 132मध्ये रोमविरुद्ध उठलेल्या बार कोखबाला रब्बी अकिवाने 'मलका मशिहा', राजा मशीहा, म्हटल्याचं तालमुदात, म्हणजे ज्यू रब्बींच्या धर्मचर्चांच्या ग्रंथात आहे. तोही माणूसच, हातात तलवार घेतलेला.

ग्रीकमध्ये या शब्दाचं भाषांतर झालं 'ख्रिस्तोस', 'ख्रिओ' म्हणजे तेल लावणे यावरून. योहानाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) पहिल्याच अध्यायात 'मेस्सिआस' देऊन त्याचा अर्थ ख्रिस्त असं सांगूनच टाकलं आहे. त्याच अध्यायात नथनेल नावाचा एक जण येशूला म्हणतो, तू देवाचा पुत्र, तू इस्राएलचा राजा. एका दमात दोन्ही, कारण त्याच्या कानाला ते एकच होतं. क्रुसावरच्या पाटीवरही आरोप लिहिला तो 'यहुद्यांचा राजा' असाच. पण ज्यू परंपरा ठाऊक नसलेल्या ग्रीक-रोमन माणसाला 'तेल लावलेला' म्हणजे राजा हे कसं कळावं? त्याला ते नाव वाटलं. रोमन चरित्रकार सुएतोनियस एका 'ख्रेस्तुस'च्या चिथावणीवरून रोममध्ये ज्यूंची दंगल झाली असं लिहितो. तो ख्रिस्तच असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. ख्रेस्तुस हे तिथलं गुलामांमध्ये सर्रास असलेलं नाव.

आणि राजा देवाच्या जागी कसा गेला, तेही एका शब्दात दिसतं. 110व्या स्तोत्राची पहिली ओळ: यहोवा माझ्या धन्याला म्हणाला, माझ्या उजवीकडे बैस. हिब्रूत देव आणि धनी यांना दोन वेगळे शब्द आहेत. शुभवर्तमानांत हीच ओळ ग्रीकमध्ये येते तेव्हा दोन्हीकडे 'क्युरिओस' आहे: प्रभू माझ्या प्रभूला म्हणाला. पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांनी ही ओळ येशूला लावून पुन्हा पुन्हा वाचली. हिब्रूत असलेली भिंत ग्रीक वाचकाच्या डोळ्यांना दिसतच नव्हती. श्रद्धेला इतरही कारणं होती, पण भाषेने वाट मोकळी करून दिली एवढं मला नक्की वाटतं. ज्यूंनाही ते जाणवलं असणार. दुसऱ्या शतकात अक्विलाने त्यांच्यासाठी नवं ग्रीक भाषांतर केलं, तेव्हा माशिआखसाठी 'ख्रिस्तोस' टाळून तेल लावण्याचाच दुसरा शब्द, 'एलेइम्मेनोस', घातला.

राहिला तारणारा. तो अर्थ 'येशू' या नावात आहे, येशुआ, 'तारणे' अशा अर्थाच्या धातूचा. मत्तयाच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात ते सांगितलं आहे. आपल्याकडचा 'मसीहा' आरामाईक 'मशीहा', अरबी 'मसीह' अशा घराण्यातून फारसी-उर्दूतून आला. (हिब्रूचा श अरबीत स होतो, शालोम-सलाम पाहा.) उर्दू शायरीत मसीहा म्हणजे फुंकर मारून रोग्याला उठवणारा, येशूने केलेल्या चमत्कारांवरून. तिथून तो बातमीत पोचेपर्यंत राजा गळून पडला आणि उद्धार करणारा उरला. 'शेतकऱ्यांचा मसीहा' चूक नाही, मराठीत तो अर्थ रुळला आहे. तुमच्या लेखात शौल, दाविद, कोरेश यांच्यासाठी 'अभिषिक्त' लिहा, नंतरच्या वाट पाहण्याच्या काळासाठी 'मशीहा'. 'तारणारा' दोन्हीकडे नको.

एक जोड. राजाला हिब्रूत 'मेलेख'. याच म-ल-क धातूचे अरबीतून आलेले आपले मालक, मुलूख आणि मलिक अंबरातला मलिक. (मलाखी संदेष्टा मात्र या घरचा नाही, त्याच्या नावात 'दूत' आहे.) कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी मनुकांच्या सरबताचा पेला हातात धरून जो आशीर्वाद म्हणतात, त्यात देवाला म्हटलेलं असतं 'मेलेख हाओलाम', विश्वाचा राजा.